बॉस्टन ब्रुइन्सच्या कारभाऱ्यांना खुले पत्र: १३५ गुणांचं पुढे काय झालं?

प्रति,
श्री. कॅम नीली, अध्यक्ष,
श्री. डॉन स्वीनी, जनरल मॅनेजर,
बॉस्टन ब्रुइन्स, टीडी गार्डन, बॉस्टन.

जून २०२३

स. न. वि. वि.

इंग्रजीतली पत्रं तुमच्याकडे गेल्या दीड महिन्यात पोत्याने आली असतील आणि त्यातली निम्मी छापण्याजोगी नसतील. हे मराठीत आहे, म्हणजे तुमच्या टेबलापर्यंत ते पोचणार नाही हे मला कळतं. पण बॉस्टनच्या आसपास राहणारी, क्रिकेटवर वाढलेली आणि इथल्या लांबलचक हिवाळ्यात तुमच्या आइस हॉकीच्या नादी लागलेली मराठी मंडळी थोडीथोडकी नाहीत. त्यांच्या घरातही ३० एप्रिलच्या रात्री टीव्ही बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी कुणी हॉकीचा विषय काढला नाही. नाशिक-पुण्याचे नातेवाईक आम्हाला दरवर्षी विचारतात, "त्या बर्फावरच्या मारामारीत बघायचं काय?" यंदा आमच्याकडे उत्तर होतं. विक्रमी हंगामानंतर प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, पहिल्याच मालिकेत ते उत्तर सात सामन्यांत कसं गेलं, याचा जाब तुम्हा दोघांकडे मागायचा आहे. प्रशिक्षकांचं नाव पुढे येईलच, पण ते तुम्हीच नेमलेले आहेत.

आधी देणं ते देतो. ८२ सामने, ६५ विजय, १३५ गुण. या नॅशनल हॉकी लीगच्या शंभरेक वर्षांत एवढे सामने एका हंगामात कुणी जिंकले नव्हते. डेट्रॉइटने १९९५-९६ मध्ये आणि टँपा बेने २०१८-१९ मध्ये ६२ जिंकले होते. गुणांचा जुना विक्रम मॉन्ट्रियलचा होता, १९७६-७७ चा, १३२ गुणांचा. (त्यांनी तो ८० सामन्यांत केला होता आणि त्याच वर्षी लीगचं विजेतेपद, म्हणजे स्टॅनली कपही नेला होता, हे कंसातच बरं.) घरच्या मैदानावर पहिले चौदाच्या चौदा सामने जिंकून तुम्ही हंगाम उघडलात. डेव्हिड पास्टरनाकने ६१ गोल केले. लिनस उलमार्कने गोलमध्ये उभं राहून ४० सामने जिंकले, फक्त ६ निर्धारित वेळेत हरले आणि फेब्रुवारीत व्हँकूव्हरला तर स्वतः एक गोलही मारला. गोलकीपरने पक, म्हणजे खेळातली चकती, उचलून सगळं मैदान ओलांडून समोरच्या रिकाम्या जाळ्यात टाकावा, हे आम्ही घरी चार वेळा मागे नेऊन पाहिलं.

आणि तो संघ नुसता जिंकत नव्हता, बघायला गोड होता. सामना संपला की उलमार्क आणि जेरेमी स्वेमन हे दोन गोलकीपर एकमेकांकडे घसरत येऊन जी कडकडून मिठी मारायचे, ती बघायला लहान मुलं झोपायचं थांबायची. एका जागेसाठी दोन माणसं, दोघंही उत्तम, आणि हेवा नाही. एक ४९ सामन्यांत उतरला, दुसरा ३७. एकदा हा, एकदा तो, हीच तुमची पद्धत होती, आणि हंगामभर कमीत कमी गोल खाल्ल्याबद्दलचा जेनिंग्ज करंडक दोघांनी मिळून घेतला.

आता त्या सात सामन्यांकडे येतो.

समोर फ्लोरिडा पँथर्स; आधी चार सामने जिंकेल तो पुढे. ९२ गुण, तुमच्यापेक्षा ४३ कमी. पिट्सबर्गला एका गुणाने मागे टाकून, दार बंद होता होता आत शिरलेला संघ. पहिला सामना तुम्ही घेतलात. दुसरा गेला. तिसरा आणि चौथा त्यांच्या घरी जाऊन घेतलेत, तेही कॅप्टन पॅट्रिस बर्जरॉन नसताना आणि दुखापतीमुळे डेव्हिड क्रेचीही बाहेर असताना. ३-१. आता तीनपैकी एक जिंकायचा, त्यातले दोन आपल्या घरी.

२६ एप्रिलचा पाचवा सामना ३-३ वर होता. निर्धारित वेळेचे शेवटचे काही सेकंद उरलेले असताना तुमचा ब्रॅड मार्शंड एकटा सुटला. समोर फक्त त्यांचा गोलकीपर सर्गेई बॉब्रोव्स्की. तो गोल झाला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. बॉब्रोव्स्कीने अडवला. मग ओव्हरटाइममध्ये उलमार्क जाळ्यामागे जाऊन पक बाहेर काढायला गेला, तो नीट निघाला नाही, फ्लोरिडाच्या काठीवर गेला आणि क्षणात मॅथ्यू कचकने गोल केला. सहाव्या सामन्यात तिसऱ्या सत्रात ५-४ ने पुढे असताना ७-५ ने हरलात. सातव्यात ०-२ वरून क्रेची, टायलर बर्टुझी आणि पास्टरनाक यांनी ३-२ करून दिलं. एक मिनिट उरलं होतं. फ्लोरिडाने गोलकीपर बाहेर काढून सहावा खेळाडू आत घातला आणि ब्रँडन मोंतूरने बरोबरी केली. ओव्हरटाइमच्या नवव्या मिनिटाला कार्टर व्हरहेगीचा फटका गर्दीतून आत गेला. संपलं.

या शहरातले तुमचे पाठीराखे तेव्हापासून म्हणताहेत की हॉकीत हे चालायचंच. पक रबराचा, काठी वाकडी, बर्फ घसरडा; कुणाच्या तरी बुटाला लागून गोल होतो आणि वर्षाची मेहनत पाण्यात जाते. यात तथ्य आहे. आमचा क्रिकेट संघ २०१९ च्या विश्वचषकात साखळीत १५ गुण घेऊन पहिला आला आणि ११ गुणांच्या न्यूझीलंडकडून मँचेस्टरला उपांत्य फेरीत हरून घरी आला. आम्ही अजून त्या सामन्याबद्दल बोलतो. पण तो एकच सामना होता, साहेब. तुम्हाला सात मिळाले होते. नशीब एका रात्री फिरतं हे मान्य. लागोपाठ तीन रात्री तुमच्या हातून काही तरी सुटत असेल, तर हात तपासायला हवेत.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या सवयींनी ६५ सामने जिंकून दिले, त्या एप्रिलमध्ये तुम्हीच मोडल्यात.

पहिली सवय गोलकीपरांची. सहा महिने आलटून पालटून खेळवलेत. प्लेऑफ सुरू झाले आणि एकदम सहाही सामने उलमार्कच्याच गळ्यात. दुसरा सामना सहा गोल खाऊन हरलात, तरी तोच. पाचव्यात ती चूक झाली, तरी सहाव्याला तोच. त्यातून बातम्या अशा आल्या की तो दुखणं अंगावर काढून खेळत होता. मग सातव्या सामन्याला, जेव्हा सगळं पणाला लागलं होतं, तेव्हा तुम्हाला स्वेमन आठवला. तोवर दोन आठवडे तो जवळजवळ बाकावरच बसून होता. हंगामभर ज्याला एवढे दिवस कधी रिकामे काढायला लागत नव्हते, त्याला तुम्ही थंड बसवून एकदम उकळत्या तेलात टाकलंत. पोराने तरीही संघाला ओव्हरटाइमपर्यंत नेलं. प्लेऑफमध्ये एकाच गोलकीपरवर भिस्त ठेवायची, ही या खेळातली जुनी समजूत आहे हे आम्हालाही माहीत आहे. पण ती समजूत ज्यांच्याकडे एकच चांगला गोलकीपर असतो त्यांच्यासाठी आहे. तुमच्याकडे दोन होते आणि त्या दोघांवरच तुम्ही विक्रम केला होतात.

दुसरी सवय फळ्यांची. कोण कुणाबरोबर खेळणार हे डिसेंबरमध्ये शाळकरी पोरांनाही पाठ होतं. प्लेऑफमध्ये सामन्याचा पहिला पाव भाग संपायच्या आत फळ्या बदलायला लागल्या. बर्जरॉन परत आला तो आनंदाचा दिवस; त्याच दिवशी त्याला आणि मार्शंडला वेगळं केलं गेलं. वर्षानुवर्षं डोळे मिटून एकमेकांना पक देणारी ती जोडी.

प्रशिक्षक जिम माँटगोमेरी यांचं हे पहिलंच वर्ष होतं आणि हंगामापुरतं त्यांचं काम अव्वल होतं. त्यांना काढा असं मी म्हणत नाही, काढूच नका. पण त्यांच्या आधीच्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये तुम्ही ब्रूस कॅसिडींना घरी पाठवलंत. २०१९ ला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेणारा प्रशिक्षक. ते व्हेगासच्या संघाकडे गेले. आठवतंय ना, घरचे चौदा विजय झाल्यावर पहिला पराभव कुणी केला? ५ डिसेंबरला, पेनल्टी शूटआउटमध्ये, कॅसिडींच्या व्हेगासने. आणि आता १३ जूनला त्याच कॅसिडींनी, त्याच फ्लोरिडाला पाचव्या सामन्यात ९-३ ने धूळ चारून स्टॅनली कप उचलला. तुम्ही ज्याला काढलंत त्याने, तुम्हाला ज्यांनी काढलं त्यांना हरवलं. असा योग लिहिणाऱ्यालाही सुचला नसता. त्या रात्री तुमच्यापैकी कुणी टीव्ही लावला होता का, एवढं कुतूहल मला खरंच आहे.

विक्रमाबद्दलही बोलायला हवं. ३० मार्चला कोलंबसला हरवून तुम्ही साखळीतलं पहिलं स्थान नक्की केलंत. त्यानंतर सात सामने उरले होते आणि गुणतक्त्यात त्यांना काडीचीही किंमत नव्हती. किंमत होती ती विक्रमाच्या पाटीला. सातही जिंकलेत. फिलाडेल्फियात ६३ वा विजय, मग गार्डनवर वॉशिंग्टनविरुद्ध १३३ वा गुण. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. काही जणांना आलटून पालटून विश्रांती दिलीत हेही खरं. पण १३ एप्रिलला मॉन्ट्रियलमध्ये, दोन्ही विक्रम खिशात असताना, शेवटच्या साखळी सामन्यात बर्जरॉनला उतरवलंत. ३७ वर्षांचा माणूस, क्वेबेकचा. आपल्या मुलखात कदाचित शेवटचं खेळायचं त्याच्याही मनात असणार, कुणाच्या नसतं? तो त्याच सामन्यात पाठ धरून बाहेर गेला. मणक्यातली चकती सरकली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. प्लेऑफचे पहिले चार सामने तो नव्हता आणि आला तेव्हा पुरता बरा नव्हता. खेळाडूला "नाही" म्हणणं कुणाचं काम असतं? त्याचं स्वतःचं नसतं.

आता खास स्वीनीसाहेबांसाठी. तुम्ही स्वतः या संघासाठी हजाराहून जास्त सामने बचावात उभे राहिलात, त्यामुळे घाम काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुम्ही खरेदीला निघालात. वॉशिंग्टनकडून दिमित्री ओर्लोव्ह आणि गार्नेट हॅथवे, डेट्रॉइटकडून बर्टुझी. खरेदी वाईट नव्हती. बर्टुझीने त्या सात सामन्यांत १० गुण कमावले, हरलेल्या संघात त्याच्याइतका कुणी चमकला नाही. पण किंमत बघा. यंदाच्या ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतली, पहिल्या फेरीची निवड गेली. पुढच्या वर्षीचीही गेली. दुसऱ्या फेरीची आधीच्याच एका सौद्यात गेली होती. या महिनाअखेरीला नॅशव्हिलला सगळे संघ कोवळी पोरं निवडतील तेव्हा पहिल्या दोन फेऱ्या तुमच्या माणसांनी कॉफी पीत काढायच्या आहेत. आणलेल्या तिघांचेही करार संपताहेत.

त्यात बर्जरॉन आणि क्रेची. दोघांनीही संघासाठी पडत्या पगारावर एकेक वर्षाचा करार केला आणि उरलेले पैसे बोनस म्हणून घेतले. त्या बोनसचे ४५ लाख डॉलर आता पुढच्या हंगामाच्या, लीगने घातलेल्या पगारमर्यादेतून कापले जाणार, आणि मर्यादा वाढणार आहे जेमतेम १० लाखांनी. म्हणजे पुढच्या वर्षी जे खेळतील त्यांच्या ताटातलं यंदाच वाढून झालंय. आम्ही यालाही हरकत घेतली नव्हती. "हेच वर्ष" असं तुम्ही म्हणालात, आम्हीही म्हणालो. पण मग ज्या वर्षासाठी पुढची दोन-तीन वर्षं विकली, त्या वर्षाच्या एप्रिलमध्ये गोलमध्ये कोण उभं राहणार याचा विचार एवढा आयत्या वेळेचा कसा?

गंमत म्हणजे हाच धडा शिकलेला संघ तुमच्या समोरच उभा होता. २०२१-२२ मध्ये साखळीत सगळ्यात वर फ्लोरिडा होती, १२२ गुण घेऊन. दुसऱ्या फेरीत टँपाने त्यांना चार सामन्यांत गुंडाळलं. त्यांनी १२२ गुणांना कुरवाळत बसायचं नाकारलं. आपला सर्वाधिक गुणांचा खेळाडू जोनाथन ह्यूबर्डो देऊन टाकला आणि कचक आणला, प्रशिक्षकही नवा आणला. साखळीत त्यांचे ३० गुण कमी झाले. मे महिन्यात ते खेळत होते आणि तुम्ही नव्हता. त्यांची नक्कल करा असं नाही. पण विक्रम मोडला म्हणजे संघ परिपूर्ण झाला, या भ्रमातून तरी बाहेर या.

आणखी एक गोष्ट, हरल्यामुळे सगळे विसरले ती. नोव्हेंबरमध्ये तुमच्या कचेरीने अशा एका तरुण खेळाडूला करारबद्ध केलं, ज्याने शाळेत असताना एका मतिमंद कृष्णवर्णीय मुलाचा छळ केल्याचं न्यायालयात शाबित झालं होतं. दोन दिवसांत निर्णय फिरवावा लागला. का फिरला? कारण तुमच्याच ड्रेसिंगरूममधून बर्जरॉनसारख्यांनी उघड सांगितलं की आम्हाला हे पटलेलं नाही. या संघाची इभ्रत त्या आठवड्यात खेळाडूंनी सांभाळली, कचेरीने नाही. म्हणून एप्रिलचा दोष खेळाडूंवर ढकलला गेला की मला जरा जास्त राग येतो. उलमार्कच्या त्या एका चुकीची चित्रफीत अजून फिरवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे.

जुन्या लोकांना १९७१ आठवत असेल. तेव्हाही ब्रुइन्सनी विजयांचा विक्रम केला होता, ५७ विजय, १२१ गुण. बॉबी ऑर ऐन भरात होते. पहिल्याच फेरीत मॉन्ट्रियलने सात सामन्यांत घालवलं. साखळीचे फक्त सहा सामने खेळलेला केन ड्रायडन नावाचा नवखा गोलकीपर आडवा आला. त्या मालिकेतही एक सामना ५-१ ने पुढे असताना हातचा गेला, तोही ७-५ ने. यंदाचा सहावा सामना पाहताना एखाद्या म्हाताऱ्या बॉस्टनकराच्या पोटात गोळा आला असेल तर नवल नाही. त्या संघाने पुढच्याच वर्षी कप जिंकला, म्हणून आता तुमचे लोक १९७२ चं नाव घेऊन धीर देताहेत. पण तेव्हा ऑर चोविशीचे होते. बर्जरॉन पुढच्या महिन्यात ३८ वर्षांचा होईल. क्रेची ३७ वर्षांचा झाला तो दिवस सहाव्या सामन्यातल्या पराभवाचा, २८ एप्रिलचा. या दोघांसाठी "पुढचं वर्ष" कदाचित नाहीच.

सातव्या सामन्यानंतर बर्जरॉन आत गेला नाही. बर्फावर उभा राहिला आणि बाहेर पडणाऱ्या एकेका सहकाऱ्याला मिठी मारत राहिला. मग प्रेक्षकांना हात केला. १७,८५० खुर्च्यांच्या त्या गार्डनमध्ये मिनिटभरापूर्वी शिव्या देणारी माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. खाली नॉर्थ स्टेशनवर गाडीच्या पाटीकडे बघत उभी असलेली काळ्या-सोनेरी जर्सीतली माणसं एकमेकांशी बोलत होती ती एकाच विषयावर: तो परत येईल का? फ्लोरिडाचं नावही कुणाच्या तोंडी नव्हतं.

तर मागणं असं. उलमार्कची तब्येत नक्की कशी होती, दुसऱ्या आणि पाचव्या सामन्यानंतर त्यालाच उभं करायचं कुणी ठरवलं, आणि मॉन्ट्रियलला बर्जरॉनला उतरवताना डॉक्टरांना कुणी विचारलं होतं का, हे सरळ शब्दांत सांगा. "आम्ही सगळ्या गोष्टींचा आढावा घेत आहोत" हे वाक्य आमचं ऐकून झालंय. पगारमर्यादेचं कारण सांगून दोन गोलकीपरांपैकी एकाला विकायचा मोह तुम्हाला याच उन्हाळ्यात होईल. विकायचंच तर दुसरं काही विका. मधल्या फळीत महागडी नावं आहेत. माँटगोमेरी यांना ठेवा, पण सप्टेंबरमध्ये सराव सुरू व्हायच्या आधी त्यांना बसवून प्लेऑफच्या पहिल्या आठवड्यात गोलमध्ये कोण कुठल्या दिवशी उभा राहणार, ते कागदावर लिहून घ्या. पराभव झाला तर तो कागद बदलायचा की नाही, हेही त्याच कागदावर असू द्या. आणि पहिलं स्थान मार्चमध्ये नक्की झालं, तर पस्तिशी ओलांडलेल्या माणसांना विमानात बसवूच नका, मग विक्रमाला एक विजय कमी पडत असला तरी चालेल.

आपला,
गार्डनच्या वरच्या मजल्यावरचा एक मराठी प्रेक्षक

ता. क. ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा येतोय. तिकिटांचे दर मात्र वाढवू नका, निदान यंदा तरी.